अमेरिकेतली विशेष औषधे: रुग्णालयापर्यंतच्या वाटा, त्यांवरचे नियम आणि जबाबदारीचा प्रश्न

केतकीवन (धागाकर्ती)

मी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट म्हणून काम करते. कर्करोग, संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा एखादा दुर्मीळ आजार घरात आला की 'स्पेशॅलिटी ड्रग' हा शब्द कानावर पडतो, आणि त्यापाठोपाठ विमा कंपनीची पूर्वपरवानगी, कुठल्याशा दूरच्या फार्मसीचे फोन आणि पुढे ढकललेल्या तारखा सुरू होतात. हे सर्व कोणत्या नियमांनी चालते, हे मराठीत एका जागी लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

'स्पेशॅलिटी' म्हणजे काय याची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या पार्ट डी, म्हणजे औषधांच्या योजनेत केवळ किमतीची रेषा आखलेली असते. २०२४ साठी ती महिन्याला ९५० डॉलर होती. रुग्णालयात मात्र किमतीच्या जोडीला इतर गोष्टी येतात. औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावे लागते, बहुधा शिरेतून किंवा इंजेक्शनने द्यावे लागते, देताना रुग्णावर लक्ष ठेवावे लागते आणि वजनावरून किंवा तपासण्यांवरून मात्रा बदलावी लागते.

अशी औषधे रुग्णालयात मुख्यतः चार वाटांनी येतात. पहिली आणि जुनी वाट म्हणजे रुग्णालयाने घाऊक वितरकाकडून औषध विकत घ्यायचे, आपल्या साठ्यात ठेवायचे, रुग्णाला द्यायचे आणि मग विमा कंपनीकडे बिल पाठवायचे. तिला 'बाय अँड बिल' म्हणतात. दुसऱ्या वाटेला 'व्हाइट बॅगिंग' असे नाव आहे. तिच्यात विमा कंपनीने ठरवलेली स्पेशॅलिटी फार्मसी त्या एका रुग्णाच्या नावाने औषध तयार करते आणि ते रुग्णालयाकडे पाठवते. रुग्णालय औषध विकत घेत नाही, फक्त देते. तिसऱ्या वाटेत, म्हणजे 'ब्राउन बॅगिंग'मध्ये, औषध रुग्णाच्या घरी येते आणि रुग्ण ते स्वतः घेऊन येतो. चौथी 'क्लिअर बॅगिंग', जिच्यात रुग्णालयाचीच स्पेशॅलिटी फार्मसी औषध काढते आणि ते रुग्णालयातल्या रुग्णालयात उपचार कक्षापर्यंत पोहोचते.

माझे म्हणणे एकच आहे. औषध देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचाच त्या औषधाच्या वाटेवर ताबा असला पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत या दोन गोष्टी वेगळ्या होतात, आणि सध्याचे नियम ती फारकत पुरेशी रोखत नाहीत. खरेदीचा पैसा विमा कंपनीच्या हातात असतो, पण सुई टोचणारी परिचारिका आणि कुपी उघडणारा फार्मासिस्ट रुग्णालयाचे असतात. काही चुकले तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते.

शिशिरधून

माहितीबद्दल आभार. एक प्रश्न आहे. माझ्या सासूबाईंचे औषध आमच्या घरी खोक्यातून, बर्फाच्या पिशव्यांसह आले. आम्ही ते काळजीपूर्वक फ्रीजमध्ये ठेवले आणि ठरलेल्या दिवशी घेऊन गेलो, तर रुग्णालयाने ते देण्यास नकार दिला. विमा कंपनी म्हणते औषध तुमच्याकडे पोहोचले, रुग्णालय म्हणते आम्ही हे देणार नाही. हा नकार नियमाला धरून आहे का?

केतकीवन

शिशिरधून, तुमच्या सासूबाईंना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटते. दोन्ही बाजूंच्या मध्ये रुग्ण अडकतो, ते नेमके याच ठिकाणी.

होय, नकार देण्याचा अधिकार रुग्णालयाला आहे. रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशनच्या निकषांप्रमाणे, रुग्णाने बाहेरून आणलेले औषध केव्हा वापरायचे याचे धोरण प्रत्येक रुग्णालयाने ठरवायचे असते, आणि वापरण्यापूर्वी त्या औषधाची ओळख पटवून ते सुस्थितीत आहे की नाही हे पाहायचे असते. गोळीच्या बाबतीत हे जमते, कारण गोळीवर ठसा असतो. बायोलॉजिक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या प्रथिनांच्या औषधाची कुपी मात्र दोन तास गरम गाडीत राहिली काय किंवा गोठून पुन्हा वितळली काय, दिसायला बहुतेक वेळा तशीच स्वच्छ दिसते. प्रथिनांची रचना बिघडली आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. तुम्ही काळजी घेतली यात मला शंका नाही, पण ती घेतली गेली हे फार्मासिस्टला सिद्ध करता येत नाही, आणि शिरेतून जाणाऱ्या औषधाबाबत गृहीत धरून चालणे त्याला शक्य नसते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लेनालिडोमाइडसारखे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध केवळ नोंदणीकृत फार्मसीच देऊ शकते, ते प्रत्येक वेळी वेगळ्या अधिकृत क्रमांकाशिवाय मिळत नाही आणि एका वेळी जास्तीत जास्त २८ दिवसांचेच मिळते. रुग्ण अचानक दाखल झाला आणि रुग्णालयाच्या फार्मसीची तशी नोंदणी नसली, तर अनेक ठिकाणी रुग्णाच्या स्वतःच्या कॅप्सूलच तपासून वापरल्या जातात. म्हणून घरचे औषध सरसकट नाकारले जाते असेही समजू नये.

दूरदीप

मी आरोग्यविम्याच्या क्षेत्रात किमतींच्या विश्लेषणाचे काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

'बाय अँड बिल' ही वाट निर्मळ आहे असे चित्र वरच्या लेखातून उभे राहते, ते मला पटत नाही. मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या औषधांच्या भागात, २००५ पासून औषधाच्या सरासरी विक्री किमतीवर ६ टक्के धरून पैसे दिले जातात. टक्केवारी असल्यामुळे १०० डॉलरच्या औषधावर ६ डॉलर आणि १०,००० डॉलरच्या औषधावर ६०० डॉलर सुटतात. महाग औषध निवडण्याचे आमिष त्या सूत्रातच आहे. खासगी विम्यात तर हा ६ टक्क्यांचा बंधही नाही. रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्या करारात जे ठरेल ते, आणि मोठ्या रुग्णालय-समूहांच्या करारात मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम लावली गेल्याची उदाहरणे आहेत. तो भार शेवटी सर्वांच्या हप्त्यावर पडतो. व्हाइट बॅगिंग आले ते या वाढीव किमतीला उत्तर म्हणून.

शिवाय '३४०बी' ही औषध-सवलतीची केंद्रीय योजना आहे. १९९२ च्या कायद्याने गरीब रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थांना उत्पादकांकडून सवलत मिळते. पेटंट असलेल्या बहुतेक औषधांवर ती सरासरी उत्पादक किमतीच्या किमान २३.१ टक्के असते. रुग्णालय औषध सवलतीत घेते आणि विमा कंपनीला पूर्ण दराने बिल लावते. रुग्णालयांचा व्हाइट बॅगिंगला असलेला विरोध केवळ सुरक्षिततेपोटी आहे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण औषध रुग्णालयाने विकत घेतले नाही तर ही सवलतही त्याला मिळत नाही.

केतकीवन

दूरदीप, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि त्यातली आकडेमोड बरोबर आहे. थोडी भर घालते: २०१३ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या सरसकट खर्चकपातीमुळे ते ६ टक्के प्रत्यक्षात सुमारे ४.३ टक्के उरतात. आणि ३४०बीचा पैसा रुग्णालयांनी कसा वापरला याचा हिशेब अधिक उघडपणे मांडला जायला हवा, हे मलाही मान्य आहे.

परंतु ३४०बी म्हणजे रुग्णालयाला मिळालेली मोकळी मुभा, असे वाचकांना वाटू नये. ही सवलत केवळ बाह्यरुग्णांच्या औषधांना लागू होते. सवलतीचे औषध पात्र नसलेल्या रुग्णाला गेले तर तो नियमभंग ठरतो, आणि एकाच औषधावर ३४०बी आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) अशी दुहेरी सूट उत्पादकाकडून घेता येत नाही. गरीब रुग्णांचे प्रमाण मोठे असलेली रुग्णालये, बालरुग्णालये आणि स्वतंत्र कर्करोग रुग्णालये यांना तर बाह्यरुग्णांसाठीची ही औषधे सामूहिक खरेदी संघामार्फत, म्हणजे अनेक रुग्णालयांसाठी मिळून दर ठरवणाऱ्या संस्थेमार्फत, घेण्याचीच मनाई आहे. त्यामुळे अशा रुग्णालयाच्या फार्मसीत एकाच औषधाची तीन खाती चालतात: दाखल रुग्णांसाठी संघाच्या दराने, पात्र बाह्यरुग्णांसाठी ३४०बीच्या दराने आणि या दोन्हींत न बसणाऱ्यांसाठी पूर्ण घाऊक दराने. कपाटात कुपी तीच असते. कोणत्या रुग्णाला ती गेली यावरून पुढची खरेदी कोणत्या खात्यावर पडणार हे ठरते. त्यात चूक निघाली तर उत्पादकाला पैसे परत करावे लागतात.

सरकारनेही हे पैसे कमी करण्याचा प्रयत्न केला होता. २०१८ पासून मेडिकेअरने ३४०बी रुग्णालयांना सरासरी किमतीतून २२.५ टक्के वजा करून पैसे दिले. १५ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही कपात बेकायदेशीर ठरवली, कारण रुग्णालयांच्या खरेदी खर्चाची पाहणी न करताच ती लादली गेली होती. पुढे सुमारे ९ अब्ज डॉलर रुग्णालयांना परत द्यावे लागले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की किंमत जास्त असेल तर किमतीवर मर्यादा घाला, करारात दर ठरवा, स्वतंत्र उपचार केंद्रांइतकाच दर रुग्णालयाला द्या. यासाठी औषधाची वाट बदलण्याची आवश्यकता नाही. पैशाचा वाद सोडवण्यासाठी औषधाचा ताबा हलवला की तो वाद रुग्णाच्या खुर्चीपाशी येऊन पोहोचतो.

पानजाळी

मी केमोथेरपी कक्षात परिचारिका आहे. वाट बदलली की खुर्चीपाशी नेमके काय होते, ते एका औषधाच्या उदाहरणाने सांगते, म्हणजे हा वाद केवळ हिशेबाचा राहणार नाही.

ट्रॅस्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगातले नेहमीचे औषध आहे. तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात पहिली मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ८ मिलिग्रॅम आणि त्यानंतरच्या मात्रा ६ मिलिग्रॅम असतात. ७० किलो वजनाच्या रुग्णाला नेहमीची मात्रा ४२० मिलिग्रॅम लागते, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. आता औषध बाहेरच्या फार्मसीकडून येणार आहे आणि पूर्वपरवानगी संपल्यामुळे, पत्ता चुकल्यामुळे किंवा वादळामुळे ते उशिरा आले असे समजा. ठरलेल्या तारखेला एक आठवड्यापेक्षा जास्त उशीर झाला, तर औषधाच्या अधिकृत सूचनेप्रमाणे पुन्हा ८ मिलिग्रॅमची सुरुवातीची मात्रा द्यावी लागते. ती ५६० मिलिग्रॅम होते आणि तिला चार कुप्या लागतात. खोक्यात मात्र तीनच असतात. म्हणजे ज्या उशिरामुळे मात्रा वाढली, त्याच उशिराने आलेले खोके आता अपुरे पडते, आणि नवी मागणी, नवी परवानगी, नवी तारीख हे सगळे पहिल्यापासून सुरू होते.

रुग्णालयाच्या साठ्यात औषध असेल तर चौथी कुपी कपाटातून काढायला काही मिनिटे लागतात.

उलट दिशेनेही हेच घडते. सकाळच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी कमी आल्या की डॉक्टर उपचार थांबवतात किंवा औषधच बदलतात. व्हाइट बॅगिंगने आलेले औषध एका रुग्णाच्या नावाने दिलेले असते. ते दुसऱ्या रुग्णाला देता येत नाही आणि पाठवणारी फार्मसी ते परत घेत नाही. हजारो डॉलरचे औषध आमच्या फ्रीजमध्ये मुदत संपेपर्यंत पडून राहते आणि मग नष्ट केले जाते. साठ्यातल्या औषधाचेही काही थेंब कुपीत उरतात, परंतु त्यांची नोंद ठेवावी लागते: मेडिकेअरच्या बिलावर किती औषध वाया गेले ते २०१७ पासून लिहावे लागते, आणि जुलै २०२३ पासून काहीच वाया गेले नाही तर तसेही नमूद करावे लागते. अख्खे न वापरलेले खोके मात्र आमच्या बिलावर येतच नाही, त्यामुळे ते या मोजणीतही दिसत नाही. दूरदीप, व्हाइट बॅगिंगने वाचलेल्या पैशांच्या हिशेबात हे नासलेले औषध धरले जाते का, हे जाणून घ्यायला मला खरोखर आवडेल.

दूरदीप

पानजाळी, ट्रॅस्टुझुमॅबचे उदाहरण मला माहीत नव्हते आणि ते विचार करायला लावणारे आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की विमा कंपनीच्या बाजूने ते औषध 'दिले गेले' असेच नोंदले जाते, कारण फार्मसीने रुग्णाच्या नावाने ते काढलेले असते. पुढे ते शरीरात गेले की नाही, हे औषधाच्या त्या दाव्यावरून कळत नाही. बचतीच्या आकड्यांत ही उणीव राहते हे मी मान्य करतो. किमतीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

अबोलीरंग

या चर्चेत उत्पादक कंपन्यांचा उल्लेख राहून गेला आहे. वाट नेहमीच विमा कंपनी ठरवते असे नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये जेनेनटेक या कंपनीने अव्हास्टिन, हर्सेप्टिन (म्हणजेच ट्रॅस्टुझुमॅब) आणि रिटुक्सान ही कर्करोगावरची तीन औषधे सर्वसाधारण घाऊक वितरकांकडून काढून मोजक्या विशेष वितरकांकडे दिली. रुग्णालयांना नेहमीच्या वितरकाकडून मिळणाऱ्या सवलती गेल्या आणि रोजच्या मागणीपेक्षा वेगळी व्यवस्था उभारावी लागली. अनेक दुर्मीळ आजारांच्या औषधांना तर एक-दोनच वितरक असतात.

याशिवाय अन्न व औषध प्रशासनाची रेम्स योजना आहे, जी २००७ च्या कायद्याने आली. धोका गंभीर असेल तर त्या औषधासाठी डॉक्टर, फार्मसी, रुग्णालय किंवा रुग्ण यांची नोंदणी सक्तीची करता येते. कार-टी पेशींच्या, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर वापरण्याच्या, उपचारांवर पहिली परवानगी मिळाली तेव्हापासून, म्हणजे २०१७ पासून, अशी अट होती की रुग्णालय प्रमाणित असले पाहिजे आणि प्रत्येक रुग्णामागे टोसिलिझुमॅब या, त्या उपचाराच्या तीव्र दुष्परिणामावरच्या औषधाच्या किमान दोन मात्रा जागेवरच तयार असल्या पाहिजेत. जून २०२५ मध्ये ही रेम्स योजना मागे घेण्यात आली, कारण रुग्णालयांना या उपचाराचे धोके हाताळण्याचा पुरेसा अनुभव आला आहे असे प्रशासनाचे मत झाले.

केतकीवन

अबोलीरंग, चांगली आठवण करून दिलीत. रेम्सबद्दल माझा आक्षेप नाही, उलट आदरच आहे. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे बालकांची जी हानी झाली, तिच्या जाणिवेतूनच १९९८ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला परवानगी देताना कडक वाटपव्यवस्था घालून देण्यात आली, आणि नंतरच्या बऱ्याच योजनांची बीजे तिच्यात आहेत. तिथे वाट अरुंद केली ती रुग्णाच्या रक्षणासाठी. व्यापारी कारणासाठी अरुंद केलेली वाट ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींना एकाच नावाने ओळखले जाऊ नये.

वजनाच्या मुद्द्याला आणखी एक उदाहरण जोडते. झोल्गेन्स्मा हे दोन वर्षांखालच्या बालकांच्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचे जनुकीय औषध मे २०१९ मध्ये आले, तेव्हा त्याची किंमत २१ लाख २५ हजार डॉलर होती. ते बालकाच्या वजनाप्रमाणे संच बांधून येते, रुग्णालयात पोहोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि १४ दिवसांच्या आत वापरावे लागते. बाळाचे वजन तर वाढतच असते. अशा औषधासाठी रुग्णालय आणि पुरवठादार यांच्यात थेट संवाद असणे ही सोय नाही, ती गरज आहे.

मृदगंध

थोडक्यात विचारतो. बनावट औषधे रोखण्यासाठी प्रत्येक डब्याचा माग ठेवण्याचा कायदा आला आहे, असे वाचले होते. तो इथे लागू होत नाही का?

केतकीवन

लागू होतो, पण एका टप्प्यापर्यंत. २७ नोव्हेंबर २०१३ रोजी आलेल्या औषध पुरवठा साखळी सुरक्षा कायद्याप्रमाणे प्रत्येक डब्यावर स्वतंत्र क्रमांक असतो आणि उत्पादक, वितरक व फार्मसी यांनी मालकी बदलताना त्याची माहिती पुढे द्यायची असते. दहा वर्षांची मुदत संपल्यावर टप्प्याटप्प्याने सवलती मिळाल्या. मोठ्या फार्मसींची सवलत नोव्हेंबर २०२५ पर्यंत आणि लहान फार्मसींची नोव्हेंबर २०२६ पर्यंत दिली गेली. मात्र औषध एकदा रुग्णाच्या नावाने दिले गेले की कायद्याच्या दृष्टीने साखळी तिथेच संपते. व्हाइट बॅगिंगमध्ये ती स्पेशॅलिटी फार्मसीपाशी संपते. त्यापुढच्या प्रवासाची तशी माहिती रुग्णालयाला मिळत नाही, आणि तरीही कुपी उघडायची रुग्णालयानेच. माझ्या मूळ मुद्द्याचा हा कदाचित सर्वांत ठोस पुरावा आहे.

शिशिरधून

अशा वेळी कायद्याचा काही आधार आहे का? आमच्या राज्यात याविरुद्ध कायदा झाला आहे असे रुग्णालयाने सांगितले, पण विमा कंपनी म्हणते की तो आमच्या योजनेला लागू नाही.

केतकीवन

दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. २०२१ मध्ये लुइझियानाने आणि २०२३ मध्ये टेक्ससने विमा कंपन्यांच्या अशा सक्तीवर मर्यादा घातल्या, आणि इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. पण मोठ्या कंपन्या बऱ्याचदा कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतः उचलतात आणि विमा कंपनीला केवळ व्यवस्थापनासाठी नेमतात. अशा स्वनिधीच्या योजना १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि राज्याचे विमा कायदे त्यांना सहसा लागत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सासच्या एका प्रकरणात राज्यांना औषध-लाभ व्यवस्थापक कंपन्यांच्या, म्हणजे विमा योजनांसाठी औषधांचे व्यवहार पाहणाऱ्या कंपन्यांच्या, दरांवर नियम करण्याची मोकळीक दिली. परंतु ओक्लाहोमाच्या कायद्यातली फार्मसींच्या निवडीबद्दलची कलमे २०२३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने अशा योजनांपुरती रद्द केली, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

तुम्ही पहिल्यांदा नोकरीच्या ठिकाणच्या मनुष्यबळ विभागाकडे योजनेचे सारांशपत्र लेखी मागा. योजना स्वनिधीची आहे की नाही हे त्यात लिहिलेले असते. स्वनिधीची असेल तर निर्णय विमा कंपनीचा नसून मालकाचा आहे, आणि अपवाद करण्याची विनंती मालकाकडेही करता येते. दुसरे, डॉक्टरांकडून असे पत्र घ्या की उपचार लांबणे सासूबाईंच्या प्रकृतीला धोक्याचे आहे. तसे पत्र असले की तातडीचे अपील करता येते आणि त्याचा निर्णय ७२ तासांच्या आत द्यावा लागतो. अपिलात 'हे औषध हवे' एवढेच लिहू नका, कारण औषधाला त्यांनी नकार दिलेलाच नाही. 'हे औषध रुग्णालयाच्या साठ्यातून देण्यास परवानगी हवी' असे स्पष्ट लिहा. आणि घरी आलेले खोके अजून तुमच्याकडे असेल तर ते टाकू नका. त्यावरचा लॉट क्रमांक, मुदत आणि ते पोहोचल्याची तारीख व वेळ यांचे छायाचित्र काढून अपिलासोबत जोडा.